टाके घालताना भूल मागायची असते का, ताई?

मागच्या महिन्यात या पानावर कळांबद्दल लिहिलं होतं, तर त्यावर जे मेसेज आले त्यातले निम्मे कळांबद्दलचे नव्हतेच. बाळ बाहेर येताना आणि आल्यानंतर जे होतं, म्हणजे चिमटा (फोरसेप) लावून बाळ काढणं, टाके, अडकलेली वार, त्याबद्दलचे होते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, आणि दवाखान्यात विचारायला लाज वाटते. म्हणून यावेळी तेवढंच. मी डॉक्टर नाही हे परत सांगते, लेबर रूममध्ये एकतीस वर्षं काढलेली रिटायर सिस्टर आहे, त्यामुळे इथे वाचून आपल्या डॉक्टरांना विचारायचं, इथे वाचून घरी गोळ्या घ्यायच्या नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मला आठवा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. माझ्या नणंदेची मागच्या वर्षी नॉर्मल झाली, ती म्हणते कळा निभावल्या पण टाके घालताना मी टेबलावरून पळून जाणार होते. इंजेक्शन दिलं होतं म्हणे पण काही फरकच पडला नाही. तेव्हापासून मला झोप लागत नाही. टाक्यांच्या आधी भूल देतातच का, की मागावी लागते? आणि मागितली तर सिस्टर रागावतील का? (पारोळा तालुका)

शेवटचं आधी घेते. हो, एखादी रागावेल. मी पण रागावलेय, खोटं कशाला बोलू. रात्रीचे तीन वाजलेले, ही चौथी डिलिव्हरी, बाजूच्या टेबलावर पाचवी ओरडून राहिली, अशात कोणी म्हटलं सिस्टर थांबा ना दुखतंय, की तोंडातून निघायचंच, "आता काय दुखतं, बाळ तर झालं!" हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल त्याचा हिशेब नाही, आणि ते चुकीचंच होतं. बाळ झालं म्हणून कातडी बधिर होत नसते. तू माग. रागावली तर रागावली, दोन मिनिटांनी ती विसरेल, तू जन्मभर लक्षात ठेवशील.

आता नीट सांगते. टाके दोन कारणांनी लागतात, एकतर बाळाचं डोकं येताना जागा आपोआप फाटते किंवा डॉक्टर-सिस्टर कात्रीने छोटा छेद देतात. पूर्वी आमच्याकडे पहिलटकरीण म्हटलं की छेद ठरलेलाच, कोणी विचारत पण नव्हतं. आता तसं नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या बाळंतपणाच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की सरसकट छेद देऊ नका, गरज असेल तरच द्या. पण छेद नाही दिला तरी पहिल्या वेळी थोडंफार फाटणं बहुतेक जणींना होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नुसती वरची कातडी खरचटली असेल आणि रक्त येत नसेल तर कधी टाका पण लागत नाही.

भूल म्हणजे लिग्नोकेन. दातवाले हिरडीत देतात तेच. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये हे बनलं आणि आजपर्यंत हेच वापरतात, महागडं पण नाही, छोट्यातल्या छोट्या दवाखान्याच्या ट्रेमध्ये ती बाटली असते. सिस्टर बाटलीतून सिरिंज भरणार, सुई एका जागेतून आत घालून पंख्यासारखी फिरवणार, थोडं आतल्या अस्तराखाली, थोडं कातडीखाली, थोडं खोल स्नायूत. औषध सोडायच्या आधी दट्ट्या मागे ओढून बघतात, रक्त आलं तर सुई शिरेत गेली, मग जागा बदलायची. औषध जाताना जळजळतं, मुंगी चावल्यासारखं नाही, चांगलं जळजळतं, पण दहा-पंधरा सेकंद.

आणि इथेच सगळी गडबड होते बघ. सुई बाहेर काढली की लगेच टाका घ्यायला सुरुवात. अगं त्या औषधाला चढायला वेळ लागतो, दोन-तीन मिनिटं तरी लागतात. पद्धत अशी आहे की दोन मिनिटं थांबायचं, मग दातेरी चिमट्याने जखमेची कडा हलकेच चिमटून विचारायचं दुखतंय का, हो म्हणाली तर अजून दोन मिनिटं थांबून परत चिमटून बघायचं. मला हे एका जुन्या मॅडमनी शिकवलं होतं, त्या इंजेक्शन दिलं की सुई-दोरा ट्रेमध्ये ठेवूनच द्यायच्या आणि बाळंतिणीला विचारत बसायच्या, माहेर कुठलं वं तुझं, किती भाऊ, शेतात काय लावलंय, कपाशी का केळी. आम्हाला वाटायचं बाई गप्पिष्ट आहे. नंतर कळलं ती गप्पा मारत नव्हती, घड्याळ मोजत होती.

तुझ्या नणंदेला फरक का पडला नाही, ते मी तिथे नव्हते म्हणून सांगू शकत नाही, पण मी जे पाहिलं त्यात कारणं तीन असायची. एक तर हे थांबणं नाही. दुसरं, कातडीला औषध दिलं पण आतल्या बाजूला दिलंच नाही, मग बाहेरचे टाके कळत नाहीत आणि आतला पहिला टाका घेतला की बाई उडते. तिसरं म्हणजे वेळ, छेद द्यायच्या आधी इंजेक्शन दिलं, मग बाळ, मग वार, मग डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले, टाके घालायला तासभर गेला आणि तोवर भूल उतरली. साधं लिग्नोकेन साधारण तासाभरात ओसरायला लागतं. अशा वेळी परत द्यायचं असतं, आणि देता येतं.

कितीही देता येतं असं मात्र नाही. साध्या लिग्नोकेनचा हिशेब वजनावर असतो, किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. ५० किलोची बाई असेल तर २०० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं औषध असेल तर २० मिली. बाटलीवर बहुतेक वेळा २ टक्के लिहिलेलं असतं, ते तसंच वापरलं तर १० मिलीतच कोटा संपतो, म्हणून आम्ही त्यात तेवढंच सलाईन मिसळून पातळ करायचो, म्हणजे औषध तेवढंच राहून जागा जास्त भिजते. सातपुड्याच्या पाड्यावरची ४० किलोची पोर आली तर तिचा कोटा १ टक्क्याचं १६ मिली. म्हणून वजनाचा काटा फक्त गर्भारपणाच्या कार्डावर आकडा लिहायला नसतो. औषध जास्त झालं किंवा शिरेत गेलं तर तोंडात लोखंडी चव येते, ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखे होतात, कानात गुणगुण होते, असं काही वाटलं तर लगेच बोलायचं, मनात ठेवायचं नाही.

भूल चढली तरी सगळंच बंद होत नाही हे पण सांगून ठेवते, नाहीतर तू म्हणशील ताईंनी फसवलं. हात लागलेला कळतो, दोरा ओढल्यासारखं वाटतं, दाब कळतो. टोचलेलं, कापलेलं कळायला नको. म्हणून नुसतं "आई गं" करू नकोस, बाळंतपणात सगळ्याच आई गं करतात, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. सरळ म्हण, "सिस्टर, सुई टोचलेली कळतेय, अजून औषध द्या ना." हे वाक्य पाठ कर. आणि सोबत जी बाई थांबणार तिला पण पाठ करून ठेव. केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात, २०१७ पासून, सरकारी लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई असावी आणि बाळंतिणीशी सन्मानाने वागावं असं ठरलेलं आहे, तेव्हा आई किंवा वहिनीला आत थांबू द्या असं आधीच विचारून ठेव. ती तुझा हात धरेल आणि तुझ्या वतीने बोलेल. सरकारी दवाखान्यात या इंजेक्शनचे पैसे पण नाहीत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीची औषधं फुकट आहेत, बाहेरून आणा म्हटलं तर शांतपणे विचारायचं.

कळांसाठी तू आधीच एपिड्यूरल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून देतात ती भूल, घेतलं असशील तर प्रश्नच मिटला, त्याच नळीतून थोडं औषध वाढवलं की टाके होतात. आणि फाटणं मोठं असेल, संडासच्या जागेच्या स्नायूपर्यंत गेलं असेल, तर ते लेबर टेबलावर लोकल म्हणजे जागेपुरती भूल देऊन शिवायचं कामच नाही, ते ऑपरेशन थिएटरमध्ये, चांगल्या उजेडात, कंबरेत भूल देऊन. तिथे "इथेच पटकन करून टाकू" असं कोणी म्हटलं तर तुझ्या माणसांनी विचारलं पाहिजे. वेदनेमुळे तो स्नायू आवळलेला राहतो आणि नीट जोडला जात नाही, आणि नीट जोडला नाही तर पुढे संडास-गॅसवर ताबा राहत नाही.

अजून एक, काही जण म्हणतात कळ जोरात आली की कापायचं, तेव्हा कळतच नाही. डोकं अगदी टेकलेलं असताना कातडी ताणून थोडी सुन्न होते हे खरं, पण सगळ्यांची होत नाही, त्या भरवशावर भूल टाळायची नसते. वेळच नसला, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सेकंदाचा प्रश्न असला तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी बाळ. पण टाक्यांना तसली घाई कधीच नसते, रक्त फार वाहत नसेल तर तीन मिनिटं कुठेही जात नाहीत.

प्रश्न : माझी सून बाळंतपणाला आली आहे, ती आत्तापासून भूल भूल करते. आमना येळले कोठे व्हतं हाई समदं, घरात सुईण यायची आणि व्हायचं. भूल दिली की बाळ सुस्त होतं, दूध आटतं आणि कंबर जन्मभर दुखते असं आमच्या गल्लीत सगळ्याच म्हणतात. खरं काय ते छापा. (शिरपूर)

मावशी, तुमचा मेसेज वाचून मला माझी सासू आठवली, ती पण असंच म्हणायची आणि पुढे हळूच म्हणायची, मोठ्याच्या वेळी फाटलं होतं ते तसंच भरलं, कोणी शिवलंच नाही, चाळीस वर्षं खोकलं की लघवी येते. चाळीस वर्षं! शेजेला झोपणाऱ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. तेव्हा आमच्या वेळी काही नव्हतं हे खरं, पण काही झालं नाही हे खरं नाही.

एकेक घेऊ. टाके घालतात तेव्हा बाळ बाहेर असतं, नाळ कापलेली असते, त्यामुळे टाक्यांच्या भुलेने बाळ सुस्त व्हायचा काही संबंधच उरत नाही. छेदाच्या आधी जे दिलं जातं ते पण जागेपुरतं. दुधात लिग्नोकेन अगदी नावापुरतं उतरतं, इंजेक्शननंतर लगेच अंगावर पाजायला काही हरकत नाही, उलट टाके चालू असताना बाळ छातीवर ठेवलेलं मी कितीदा पाहिलंय, बाईचं लक्ष तिकडे जातं आणि बाळाची पहिली ओढ पण तिथेच लागते. दूध आटतं ते भीतीने, न पाजण्याने आणि वरचं दूध लवकर सुरू केल्याने.

तुमच्या गल्लीच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. कळांसाठी पेथिडीनसारखं गुंगीचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत दिलं आणि त्यानंतर दोन-तीन तासांत बाळ झालं, तर बाळ थोडं झोपाळू, श्वासाला मंद असू शकतं, म्हणून ते देताना डॉक्टर वेळेचा हिशेब करतात. ते वेगळं औषध, टाक्यांचं वेगळं. दोन्हीला आपण भूलच म्हणतो म्हणून घोळ.

कंबरेचं म्हणाल तर पाठीत सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते, मार बसल्यासारखी. जन्मभराचं कंबरदुखणं एपिड्यूरलमुळे होत नाही, हे नीट तपासून झालेलं आहे. ज्यांनी कसलंही इंजेक्शन घेतलं नाही त्यांची पण कंबर दुखतेच की, नऊ महिने वजन पुढे, मग वाकून पाजणं, मग टाकीवरून हंडे. एक त्रास खरा आहे तो सांगते, कंबरेतली भूल घेतल्यावर कधीकधी डोकं दुखतं, बसलं की जोरात आणि आडवं झालं की कमी, असं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, त्याला इलाज आहे. एपिड्यूरलमुळे सिझर होतं असं पण म्हणतात, तेही खरं नाही.

आणि गंमत म्हणून सांगते, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने सात बाळंतपणं तशीच काढली आणि १८५३ मध्ये आठव्याच्या वेळी क्लोरोफॉर्म हुंगून घेतला. तिथेही लोक तेव्हा म्हणतच होते की बाईने दुखणं सोसलं पाहिजे. नवव्याच्या वेळी तिने परत घेतला. सून पहिल्याच वेळी शहाणी झाली एवढंच समजा ना.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या डिलिव्हरीत वार अडकली होती. त्यांनी काही न देता हात घालून काढली. मी अजून तो दिवस आठवला की थरथरते. आता परत दिवस राहिलेत, पाचवा आहे. परत तसंच होईल का? आणि तेव्हा भूल का दिली नसेल? (चोपडा तालुका)

बाई गं. तुझा मेसेज दोनदा वाचला. दवाखान्याचं नाव तू लिहिलं होतंस ते मी इथे छापत नाही, त्यांची बाजू मला माहीत नाही, पण तुला जे झालं ते दुखणारंच होतं, तू नाजूक आहेस म्हणून दुखलं असं अजिबात नाही. कोपरापर्यंतचा हातमोजा घालून आख्खा हात गर्भाच्या पिशवीत जातो, एक हात वरून पोटावर, आतल्या हाताच्या कडेने वार भिंतीपासून सोडवत आणायची. हे लोकलमध्ये होणारं कामच नाही, जागेची भूल खाली बाहेरपुरती असते, पिशवीपर्यंत ती पोचत नाही.

बाळ झाल्यावर वार साधारण अर्ध्या तासात पडते. नाही पडली तर अडकली म्हणतात. मग शिरेतून सलाईन, पिशवी आवळायचं ऑक्सिटोसिन, लघवीची पिशवी रिकामी करणं, हे करून बघतात, कधीकधी नुसती लघवी काढली की वार येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी नाही आली तर थिएटरमध्ये कंबरेत भूल, किंवा रक्त फार गेलं असेल, बीपी पडलेलं असेल तर कंबरेतली भूल धोक्याची ठरते म्हणून केटामिनसारखं औषध किंवा पूर्ण भूल. आणि अँटिबायोटिकचा एक डोस.

मग तुला का दिली नसेल? एक शक्यता अशी की रक्त धो धो चाललं होतं. अडकलेल्या वारेचं रक्त बघता बघता बाईला घेऊन जातं, भूलतज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर असतील तर समोरचा माणूस आधी जीव वाचवतो, तेव्हा सुद्धा शिरेतून थोडं गुंगीचं-दुखण्याचं औषध देता येतं, पण हाताशी कोण आहे, काय आहे यावर असतं. दुसरी शक्यता तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, की सवयच तशी. कुठली खरी ते तुझ्या डिस्चार्ज कार्डवरून थोडंफार कळेल. किती रक्त गेलं, रक्त चढवलं का, बीपी किती होतं, ते लिहिलेलं असतं. ते कार्ड शोध. सापडत नसेल तर त्या दवाखान्यातून केसपेपरची कॉपी माग, मागता येते.

परत होईल का, तर ज्यांची एकदा अडकली त्यांची परत अडकायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होईलच असं नाही. म्हणून यावेळी घराजवळचं ठिकाण नको, जिथे चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं तिथे नाव घाल, म्हणजे जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेज. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना सांग मागच्या वेळी वार हाताने काढली होती, वार कुठे आणि कशी चिकटली आहे ते ते मुद्दाम बघतील. हिमोग्लोबिन आत्तापासून वाढव, लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नकोस. आणि कार्डवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घे, मागील वेळी वार अडकली, हाताने काढली. कळा सुरू झाल्या की १०२ किंवा १०८ ला फोन, वाट बघत बसायचं नाही.

थरथर होते त्याचं पण डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. तपासणीचं टेबल बघूनच अंग आवळतं ना? तर तपासताना आधी सांगा, हळू करा, मी थांबा म्हटलं की थांबा, एवढं मागायचा तुला हक्क आहे. माझ्याकडे एक अशीच यायची, ती तपासणीच्या वेळी माझं मनगट धरायची आणि दाबलं की मी डॉक्टरांना थांबवायचे. दुसरं बाळंतपण तिचं अगदी सुरळीत झालं, वार दहा मिनिटांत पडली, आणि तरी तिने मनगट सोडलं नव्हतं.

प्रश्न : बायकोला व्हॅक्युम लावावा लागेल असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा भूल देतात का? (शहादा)

भाऊ, आधीपासून लागेलच असं कोणी सांगू शकत नाही, तो निर्णय शेवटच्या टप्प्यात होतो, त्यामुळे त्यांनी लागू शकतो असं म्हटलं असणार. व्हॅक्युमला म्हणजे बाळाच्या डोक्याला लावून ओढतात त्या वाटीला नुसती जागेची भूल पण चालून जाते, चिमट्याला जास्त लागते. त्यासाठी पुडेंडल ब्लॉक म्हणून असतो, कमरेच्या हाडाला आत एक टोक असतं त्याच्या शेजारून खालच्या जागेची नस जाते, तिथे दोन्ही बाजूंना तेच लिग्नोकेन. कळा त्याने थांबत नाहीत, खालचा भाग बधिर होतो. चढायला पाच-दहा मिनिटं लागतात. एपिड्यूरल असेल तर तेच वाढवतात. बाळाला ताबडतोब काढायचं असेल तर यातलं काही होईलच असं नाही, तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये भांडण घालू नका, आत तिचा हात धरायला तिच्या आईला पाठवा.

प्रश्न : डिलिव्हरीला सहा दिवस झाले, टाके खूप ओढतात. गोळी घेऊ का, अंगावर पाजते आहे. आई रोज खाटेखाली शेगडी ठेवते, ओवा-शेपाची धुरी देते, म्हणते टाके सुकतात. एप्रिल महिना आहे ताई, जीव जातो. (भुसावळ)

भुसावळचा एप्रिल आणि खाटेखाली शेगडी! तुझ्या सहनशक्तीला नमस्कार. बाहेर ४३-४४ डिग्री असताना आत अजून निखारे कशाला? बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाच्या फुप्फुसाला वाईट, आणि टाक्यांना शेगडीची धग लावून ते सुकत नाहीत, घाम येऊन ओले राहतात. आईला म्हणा पायाला, कंबरेला गरम तेलाची मालिश चालेल, टाक्यांपासून शेगडी लांब. ओवा-शेपा ती लाडवात घालो, तिथे त्याचं खरं काम आहे.

पहिले एक-दोन दिवस बर्फाने सूज उतरते, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. तुझे सहा दिवस झाले, आता टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसायचं, मग स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. लघवीला जळजळ होते तर करतानाच वरून मगाने कोमट पाणी सोडत राहायचं. संडासला बसताना स्वच्छ पॅड टाक्यांवर हाताने दाबून धरायचं, म्हणजे फाटेल की काय ही भीती राहत नाही, आणि ते फाटत नाहीत. पण संडास कडक व्हायला नको, आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस तूप-भात आणि बाजरीची भाकरी एवढंच देतात, पालेभाजी नाही, पाणी मोजून, मग होणारच ना. पाणी पी, पोट भरून पी.

गोळीचं विचारलंस तर पॅरासिटामोल ही पहिली, ५०० ची एक किंवा दोन, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत ५०० च्या ८ च्या वर कधीच नाही, आणि वजन ५० च्या आत असेल किंवा लिव्हरचं काही असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. तिने भागलं नाही तर आयबुप्रोफेन, जेवणानंतर. दोन्ही अंगावर पाजताना चालतात. अल्सर, किडनी, वेदनेच्या गोळीने दम लागणं, डिलिव्हरीत बीपी वाढलेलं, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नाही. मेडिकलवाला दोन्ही औषधं मिसळलेली गोळी देतो, ती घेत असशील तर वरून परत पॅरासिटामोल घेऊ नकोस, डबल होतं. अॅस्पिरिन नको. कोडीन, ट्रॅमाडोल असलेल्या गोळ्या पाजणाऱ्या आईने आपल्या मनाने अजिबात घ्यायच्या नाहीत, बाळ सुस्त पडतं.

सहाव्या दिवशी ओढल्यासारखं वाटणं चालतं, दोरा आतल्या आत विरघळतो आणि गाठी दोन-एक आठवड्यांत गळून पडतात, पॅडवर दोऱ्याचा तुकडा दिसला तर घाबरू नकोस. पण घाण वास, पू, ताप, टाका उसवून कडा उघडलेल्या दिसणं, यातलं काही असेल तर उद्यावर टाकायचं नाही. आणि हे तुझ्यासाठी उशिराचं आहे पण बाकीच्यांनी वाचा, टाके घातल्यावर पहिल्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच चाललं, एका बाजूला फुगून टणक झालं, संडासला जोरात लागल्यासारखं वाटत राहिलं, तर आत रक्त साठत असू शकतं. वरून रक्त दिसत नाही म्हणून सगळे म्हणतात टाके आहेत, दुखणारच. नाही. सिस्टरला उठवायचं, परत तपासा म्हणायचं. अशी एक मी स्वतः दोन तास उशिरा पाहिली होती, गोळी देऊन झोपवली होती तिला. वाचली ती, पण दोन पिशव्या रक्त लागलं.

प्रश्न : दुसऱ्या बाळानंतर लगेच नसबंदीचं ऑपरेशन करायचं ठरलंय, त्याला पूर्ण भूल लागते का? (धुळे)

नाही लागत बहुतेक. नॉर्मल डिलिव्हरीनंतर सात दिवसांच्या आत करतात कारण पिशवी तेव्हा बेंबीपर्यंत वर असते आणि बेंबीखाली छोट्या छेदातून नळ्या लगेच सापडतात. शिरेतून थोडं गुंगीचं औषध आणि जागेवर लिग्नोकेन, यात होतं, कंबरेतली भूल देऊन पण करतात. नळी धरून ओढतात तेव्हा पोटात मळमळल्यासारखं, खोल दुखल्यासारखं वाटतं, ते आधी माहीत असलेलं बरं. सही करताना हेच विचार की भूल कुठली देणार, आणि सहीचा कागद कळा चालू असताना पुढे केला तर करू नकोस, आधीच निवांत करून ठेव. पुरुषांचं ऑपरेशन याच्यापेक्षा लहान असतं, हे नवऱ्यालाही वाचायला दे.

प्रश्न : दात काढताना भुलेच्या इंजेक्शननंतर माझी छाती धडधडली आणि चक्कर आली होती. मला त्याची अॅलर्जी असेल का? मग टाक्यांचं काय? (अमळनेर)

लिग्नोकेनची खरी अॅलर्जी फार फार क्वचित असते. दातवाले त्यात बहुतेक वेळा अॅड्रेनालिन मिसळतात, त्याने छाती धडधडते, आणि चक्कर भीतीनेच जास्त येते. अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ-चेहरा सुजला होता का, श्वास अडकला होता का, हे आठव. यातलं काही नसेल तर काळजीचं कारण कमी. असेल तर आत्ताच, नववा लागायच्या आधी, डॉक्टरांना सांग म्हणजे ते तपासून दुसरं औषध ठरवून ठेवतील. दोन्हीपैकी काहीही असलं तरी लेबर रूममध्ये शिरताना पहिल्या भेटणाऱ्या सिस्टरला सांग आणि केसपेपरवर तिच्या समोरच लिहून घे, कारण टाके घालायला येईल ती दुसऱ्या ड्युटीची असेल.